घरघंटी, भाजणी आणि ‘कमर्शियल यूज’

घरघंटीत दगड नसतो. स्टीलच्या गोल डब्यात एक पातं मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांनी गरगरतं, दाणा आपटून फुटतो आणि जाळीतून पीठ होऊन खालच्या भांड्यात पडतं. गव्हाला बारीक जाळी, भाजणीला त्याहून जाड, लापशीला आणखी जाड. पातं आणि जाळी यांच्यात केसभर अंतर असतं. ते सगळीकडून सारखं असेल तर मशीन दहा वर्षं कुरकुरत नाही. माझ्या मशीनमध्ये ते सारखं नव्हतं. एवढी एक गोष्ट लेखी कबूल करून घ्यायला २०२३ पासून २०२५ उजाडलं.

मी घरून भाजणी, मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व करून विकते. मदतीला कोणी नाही. भाजणं, दळणं, पाकिटं भरणं सगळं माझं मीच. गावातल्या गिरणीत भाजणी टाकली की आधीच्या बाईच्या मक्याचं किंवा तांदळाचं पीठ त्यात येतंच, म्हणून २०२२ च्या दिवाळीआधी एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर ही मशीन बुक केली. एक एचपीची मोटार, किंमत २४,५०० रुपये, मशीनवर एक वर्ष आणि मोटारीवर पाच वर्षं वॉरंटी. कंपनी गुजरातची. मशीन ट्रान्सपोर्टने घरी आली.

सुरुवातीपासूनच चार-पाच किलो दळलं की मोटार ट्रिप व्हायची. पीठ हातात धरवत नाही इतकं गरम, आणि त्याला करपट वास. भाजणीचा मूळचा रंग खरपूस असतो, त्यामुळे काळपटपणा आधी कोणाच्या लक्षात आला नाही. तांदूळ दळले तेव्हा पिठी करडी पडली. सासूबाईंनी ती पांढऱ्या कागदावर पातळ पसरली आणि देव्हाऱ्याच्या खणातला जुना लोहचुंबक कागदाखालून फिरवला. चुंबक जिकडे जाईल तिकडे पिठातून बारीक काळे कण उभे राहत सरकायला लागले. सासूबाई म्हणाल्या, “हे लोकांच्या पोटात घालायचं व्हय?” त्या मशीनवर दळलेलं सगळं पीठ टाकून दिलं, ऑर्डरी रद्द केल्या आणि कस्टमर केअरला फोन लावला.

सर्व्हिसचा मुलगा आला. स्वभावाने चांगला. त्याने जाळी काढून ब्रशने झाडली, दोन मुठी गहू टाकून दळून दाखवले आणि म्हणाला, “बघा ताई, एकदम ओके.” दोन मुठींना ते ओकेच होतं. मग त्याने मोबाइल पुढे केला: “तुम्हाला ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.” मी मेसेज नीट वाचला. तो ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार मिटते आणि ग्राहक समाधानी होतो. मी म्हटलं, पाच किलो बाजरी दळून दाखव, मग देते. त्याला पुढचे कॉल होते. “नाहीतर माझा कॉल ओपन राहतो, इन्सेन्टिव्ह कापतात,” असं तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला. बिचाऱ्याचं खोटं नव्हतं. शेवटी मी त्याच्या छापील जॉबशीटवर ‘ग्राहकाचा शेरा’ असं लिहिलेल्या चिंचोळ्या पट्टीत, आणि ती पुरेना म्हणून कागदाच्या पाठीवर, लिहिलं: ‘पाच किलो दळून पाहण्याची विनंती केली, दळून पाहिले नाही. पिठात लोहकण येतात, ते दाखवले.’ तारीख, वेळ, माझी सही, त्याचीही सही. दोन्ही बाजूंचा फोटो काढला आणि मगच ओटीपी दिला.

पुढे प्रत्येक वेळी हेच केलं. एकदा पातं बदललं, एकदा कपॅसिटर. थोडे दिवस बरे जायचे, मग परत तीच खरखर. तोवर मशीनची एक वर्षाची वॉरंटी संपत आली, आणि कंपनीचा सूर ‘आमच्या रेकॉर्डप्रमाणे सर्व कॉल क्लोज्ड आहेत’ असा लागला.

मग १९१५ लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला आणि कंपनीकडे पाठवली. हेल्पलाइनला हुकूम करण्याचा अधिकार नसतो, ती मध्यस्थी करते. पुष्कळ मोठ्या कंपन्या तेवढ्यानेही हलतात. आमची हलली नाही. तिने ‘मशीन तपासले, सुस्थितीत आढळले, ग्राहकाकडून अतिवापर’ असं उत्तर पाठवलं. फोनवर आजवर जे तोंडी चाललं होतं ते पहिल्यांदाच लेखी माझ्या हातात आलं, म्हणून मी त्याची प्रिंट काढून ठेवली. ‘अतिवापर’ हा शब्द पुढे फार कामाला आला.

आमच्या तालुक्यात ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक निवृत्त कारकून आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासूनच्या गोष्टी ते सांगत बसतात, आणि ऐकून घ्याव्याच लागतात. पण कागद बघण्याची त्यांची नजर पक्की. मी दोन फुलस्केप भरून लिहून नेलं होतं. त्यांनी लाल पेन घेतलं आणि ‘बेजबाबदार’, ‘निर्लज्ज’, ‘उद्दाम’ सगळं खोडून टाकलं. “विशेषणं वकिलाला लिहू दे. तू तारीख लिही, जॉबशीटचा नंबर लिही, काय झालं ते लिही.” दोन फुलस्केपचं पाऊण पान झालं. तीच नोटीस म्हणून पोचपावतीसह पोस्टाने पाठवली, कंपनीला आणि स्टॉलवाल्या विक्रेत्यालाही. दोघांना पक्षकार करायचं असं नानांनी बजावलं होतं. एकटा विक्रेता असला की तो कंपनीकडे बोट दाखवतो, एकटी कंपनी असली की ती विक्रेत्याकडे. नोटिशीला दिलेली मुदत संपली, उत्तर कोणाचंच नाही.

मला खरी धास्ती होती ती बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळीची. सगळे वाद फक्त गुजरातमधल्या एका शहराच्या न्यायकक्षेत, असं तिच्यात होतं. चोवीस हजारांच्या मशीनसाठी रेल्वेने गुजरात कोण गाठणार? नानांनी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून कलम ३४ वर बोट ठेवलं. १९८६ च्या जुन्या कायद्यात सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, जिथे राहतो किंवा जिथे प्रकरण घडलं तिथे जावं लागायचं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. बिलावरची ओळ त्याच्या आड येत नाही. मालाची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. प्रकरण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी, तीही अट आमची बसत होती.

तक्रार मराठीत लिहिली, वकील न देता. तेव्हा ई-दाखिल पोर्टल होतं (१ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी ई-जागृती आलं), तिथे नाव नोंदवून पीडीएफ चढवली. कागदांचे गठ्ठेही लावावे लागले: आयोगासाठी तीन संच, शिवाय प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक. प्रत्येक पानाला नंबर, सुरुवातीला कागदयादी, शेवटी सत्यापन आणि नोटरीपुढचं शपथपत्र. झेरॉक्सवाल्याने ‘केस लढताय का वहिनी?’ म्हणून चहा पाजला. तक्रार दाखल करून घेतली गेली आणि सामनेवाल्यांना नोटिसा निघाल्या.

विक्रेता आलाच नाही. नोटीस मिळाल्याची पोच रेकॉर्डवर होती, म्हणून त्याच्याविरुद्ध प्रकरण एकतर्फा चालवायचा आदेश झाला. कंपनीतर्फे वकीलसाहेब आले. कैफियत, म्हणजे तक्रारीला लेखी उत्तर, दाखल करायला कायद्याने ३० दिवस, आणि आयोगाने दिले तर आणखी १५, त्यापुढे नाही. त्यांनी शेवटच्या घटकेला पण मुदतीत कैफियत दिली. ‘तक्रारदार स्वच्छ हाताने आलेल्या नाहीत’ या ठरलेल्या वाक्याने तिची सुरुवात होती. मग माझा प्रत्येक परिच्छेद ‘नाकारण्यात येतो’. आणि मग खरा घाव: तक्रारदार या ‘ग्राहक’च नाहीत. त्यांनी मशीन व्यापारी हेतूने घेतली, सबब तक्रार चालण्यास पात्र नाही.

पुरावा म्हणून माझ्याच व्हॉट्सअॅप स्टेटसचा स्क्रीनशॉट जोडला होता: ‘दिवाळीची भाजणी, चकलीची आणि थालीपिठाची, ऑर्डर घेतल्या जातील.’ खाली भाजणीच्या पाकिटाचा रंगीत फोटो. पाकिटावर खाद्यनोंदणीचा चौदा आकडी नंबर असतो, त्याच्याभोवती लाल गोल काढलेला. तेव्हा बारा लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्या आमच्यासारख्यांना वर्षाला शंभर रुपये भरून ती नोंदणी करावी लागायची आणि नंबर पाकिटावर छापावा लागायचा. म्हणजे नियम पाळला तोच अंगाशी येतोय की काय, असं झालं. त्या रात्री झोप लागली नाही हे खरं. नवरा म्हणाला, सोड आता. सासूबाई म्हणाल्या, सोडू नकोस.

कंपन्यांचं हे आवडतं शस्त्र आहे, म्हणून इथे जरा थांबते. कलम २ मधल्या ‘ग्राहक’च्या व्याख्येतून व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळला आहे, हे बरोबर. पण तिथेच खाली स्पष्टीकरण आहे. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात याची साधी उदाहरणं दिली आहेत. टाइपरायटर घेऊन स्वतः लोकांची कामं टाइप करून देणारा, रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा, हे ग्राहकच. आमचं प्रकरण चालू असतानाच, मे २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने श्रीराम चिट्सच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट पक्की केली. व्यवहार व्यापारी हेतूचा होता असं जो सामनेवाला म्हणतो, त्यानेच ते सिद्ध करायचं. नानांनी त्या निकालाची प्रिंट माझ्या हातात ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा लेकीचं लग्न ठरल्यासारखा होता.

मी प्रतिउत्तराचं शपथपत्र दिलं. नोकर नाही, दुकान नाही, मशीन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दळणारी मी. बिल माझ्या वैयक्तिक नावावर, त्यावर जीएसटी नंबर नाही. शिवाय आणखी एक कागद माझ्याकडे होता. प्रदर्शनात स्टॉलवर मिळालेलं कंपनीचं रंगीत माहितीपत्रक मी बिलाबरोबर फाइलला लावून ठेवलं होतं. त्यावर हिरव्या साडीतली एक बाई मशीनपाशी हसत उभी आणि वर ठळक अक्षरात: ‘महिला गृहउद्योगासाठी आदर्श. घरबसल्या कमवा!’ खाली तासाला किती किलो गहू, किती बाजरी, किती मसाला दळला जातो त्याचा तक्ता. मी त्याची कागदयादीत भर घातली आणि अर्जात एवढंच विचारलं की ज्या वापरासाठी मशीन विकली, तोच वापर ‘अतिवापर’ कसा, आणि त्याच वापरामुळे मी ग्राहक कशी नाही?

पुढच्या तारखेला अध्यक्षांनी पत्रक उलटसुलट पाहिलं आणि वकीलसाहेबांकडे दिलं. “हे तुमच्याच पक्षकाराचं ना?” वकीलसाहेबांनी सूचना घेऊन सांगतो म्हणून तारीख मागितली.

त्यानंतर कंपनीचा सूर बदलला. प्रकरण कलम ३७ खाली मध्यस्थीला गेलं. कंपनीची तयारी होती त्याच मॉडेलची दुसरी मशीन आणि पाच हजार द्यायची. मला दुसरी तीच मशीन नको होती. पातं घासतंय ते एकाच मशीनमध्ये की सगळ्यांतच, हे मला कोण सांगणार? पैसे परत द्या, असं मी म्हटलं. कंपनीच्या माणसाने व्हिडिओ कॉलवरून ‘मॅडम, रिफंडची पॉलिसीच नाही’ असं तीनदा सांगितलं. मध्यस्थ बाई शांत होत्या. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि समझोता झाला नाही असं लिहून प्रकरण परत पाठवलं. समझोता वाईट नसतो. नवी मशीन बरी वाटली असती तर मी घेतलीही असती. पण नको ती वस्तू केवळ कंटाळा आला म्हणून घरात घ्यायची नव्हती.

आता दोष सिद्ध करायचा होता. माझ्याकडे गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याचं पत्र होतं, पण कंपनीने तो तज्ज्ञ नाही म्हणून हरकत घेतली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. नुसतं पाहून दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. मी तसा अर्ज दिला, फी भरली. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतले एक निदेशक नेमले गेले. ते घरी आले, कंपनीचा माणूसही हजर होता. निदेशकांनी आधी माझ्याकडे पाच किलो गहू मागितले. एवढी वर्षं हे एक वाक्य ऐकायला मी थांबले होते. वायरभोवती करंट मोजणारा टाँग टेस्टर लावून दळण सुरू केलं. आकडा चढत गेला आणि अर्धं दळणही झालं नाही तोवर मोटार ट्रिप झाली. मग डबा उघडून त्यांनी पातं हाताने हळूहळू फिरवलं आणि फट मोजायच्या फीलर गेजची पातळ पट्टी कडेने सरकवली. एका बाजूला दोन पट्ट्या एकदम जात होत्या, समोरच्या बाजूला एकही जाईना. तिथेच जाळीच्या कडेला चंद्रकोरीसारखा चकचकीत घासलेला पट्टा होता. कंपनीचा माणूस मोबाइलमध्ये बघत राहिला. अहवालात आलं: शाफ्ट मध्यापासून सरकलेला, पातं एका बाजूस घासते, हा दोष वापराचा नसून जुळणीचा.

त्यानंतर पुराव्याचं शपथपत्र, लेखी युक्तिवाद, तोंडी युक्तिवाद. यात सांगण्यासारखं थोडं आणि बाकावर बसून राहणं जास्त. कायद्यात तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल, असं लिहिलंय. ते वाचून कोणी दिवस मोजायला बसू नये. बाहेरच्या बाकावर विम्याच्या केसवाले शेतकरी, बिल्डरच्या केसवाले पती-पत्नी असे सगळे भेटायचे. माझी फाइल बघून एका आजोबांनी त्यांच्या बियाण्याच्या पिशव्यांची पावती काढून दाखवली. पिशवीवरचा लॉट नंबर त्यांनी कापून, प्लॅस्टिकमध्ये घालून, पासबुकाला टाचून ठेवला होता. त्यांना नानांची गरज नव्हती.

निकाल २०२५ मध्ये लागला. ‘तक्रारदार यांची तक्रार अंशतः मंजूर करण्यात येते.’ मशीनची पूर्ण किंमत तक्रार दाखल केल्या तारखेपासून व्याजासह परत, शारीरिक व मानसिक त्रासापोटी पाच हजार, तक्रारीच्या खर्चापोटी तीन हजार, दोन्ही सामनेवाल्यांनी वैयक्तिक व संयुक्तपणे ४५ दिवसांत द्यावेत, आणि मशीन कंपनीने स्वखर्चाने घेऊन जावी. बुडालेल्या ऑर्डरींपोटी मी पन्नास हजार मागितले होते, ते मिळाले नाहीत. ऑर्डरी फोनवरच्या, ज्यांनी दिल्या त्यातल्या एकीचंही शपथपत्र नाही. आयोगाने तसं कारण लिहूनच ती मागणी फेटाळली. गिऱ्हाइकांना भाजणीसाठी नोटरीकडे नेणं मला जमलं नसतं, त्यामुळे त्याचं दुःख नाही.

मुदत संपली, पैसे आले नाहीत. नाना म्हणाले, आता खरी केस सुरू. हुकमाची अंमलबजावणी करून घेण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२ खाली हुकूम न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. अपील करायचं तर राज्य आयोगापुढे ४५ दिवसांत, आणि हुकमातल्या रकमेच्या निम्मी आधी भरून. कंपनीने अपील केलं नव्हतं. मी कलम ७२ चा अर्ज दिला, त्यात कंपनीच्या संचालकांची नावं लिहिली, आणि नोटीस त्यांच्या नावाने गेली. जे कस्टमर केअरला इतक्या फोनांनी कळलं नव्हतं ते संचालकांना एका पाकिटाने कळलं. पुढच्या तारखेला वकीलसाहेब डिमांड ड्राफ्ट घेऊनच आले. व्याजाचा हिशेब चुकीचा होता, माझ्या तोट्याचा. अध्यक्षांच्या सांगण्यावरून उरलेली रक्कम त्यांनी नंतर ऑनलाइन भरली, आणि मी पैसे मिळाल्याची पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, दिली. जाताना वकीलसाहेबांनी विचारलं, “ताई, भाजणी अजून करता का?” मी दर सांगितला. त्यांनी एक किलोची ऑर्डर दिली.

मशीन न्यायला ट्रान्सपोर्टवाला आला तेव्हा त्याच्या चलनावर ‘मशीन चालू स्थितीत प्राप्त’ असं आधीच छापलेलं होतं. ते त्याच्याकडून खोडून घेतलं, ‘आयोगाच्या आदेशाप्रमाणे परत’ असं लिहवलं, फोटो काढला आणि मगच सोडलं.

आता दगडी पाट्यांची छोटी चक्की घेतली आहे, तालुक्यातल्याच एका मिस्त्रीने जोडून दिलेली. पीठ गार पडतं. त्याला मी बिल मागितलं तर म्हणाला, “वहिनी, माझ्याकडं पावतीपुस्तकच न्हाई, पैसं सावकाश द्या पाहिजे तर.” मी वहीचं पान फाडून त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो हसला, पण मोटारीचा नंबर, पाट्यांचं माप, तारीख, वॉरंटी दोन वर्षं, असं मी सांगेन तसं त्याने लिहून दिलं, आणि खाली सही केली.